‘शून्य-आठ-पंधरा’ : एका बंदुकीचे विशेषण होते तेव्हा

एखादी गोष्ट अगदी साचेबंद, चारचौघींसारखी असेल तर जर्मन माणूस तिला ‘नुल-आख्ट-फ्युन्फत्सेन’ म्हणतो, म्हणजे ‘०८/१५’. रटाळ भाषण ०८/१५, नावीन्य नसलेले घरही ०८/१५. हे आकडे मुळात एका मशीनगनचे आहेत, याचे भान बोलणाऱ्यास दरवेळी असतेच असे नाही. भाषेच्या अभ्यासकाने या विस्मरणापाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यानेच पुढची गोळी भरणारी मशीनगन हिरम मॅक्झिमने १८८४ च्या सुमारास सिद्ध केली. तिचा एक नमुना जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारला. तोच ‘एमजी ०८’. मिनिटाला सुमारे ५०० गोळ्या झाडणारी, पाण्याने थंड ठेवलेली ही बंदूक बैठकीसह ६० किलोंहून जड होती. १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १९,००० हून अधिक ब्रिटिश सैनिक मरण पावले. त्या संहारात तोफांच्या जोडीने तिचा वाटा मोठा होता. मात्र चढाई करणाऱ्या पायदळास ती सोबत नेणे अवघड होते. म्हणून दुपायी टेकू आणि खांद्याचा दस्ता लावलेली हलकी आवृत्ती १९१५ च्या आराखड्यानुसार घडली : ०८/१५. ‘हलकी’ म्हणजे तरी सुमारे १८ किलो!

या आकड्यांचे विशेषण कसे झाले, याची स्पष्टीकरणे अनेक आहेत. कोणी रोजच्या कंटाळवाण्या कवायतीकडे बोट दाखवतात, कोणी एकाच मापाच्या प्रचंड उत्पादनाकडे. दोन्हींत समान आहे ती पुनरावृत्ती. शस्त्रनिर्मितीच्या याच निकडीतून १९१७ मध्ये जर्मन प्रमाणीकरण समिती जन्मली, आणि १९१८ मधले तिचे पहिले प्रमाण होते एका निमुळत्या खिळीचे. पुढे १९५४ मध्ये हान्स हेल्मुट किर्स्ट यांनी बराकीतल्या जाचाविषयीच्या आपल्या कादंबरीस ‘०८/१५’ हेच नाव दिले.

व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मनीस ७९२ जड आणि १,१३४ हलक्या मशीनगनच ठेवू दिल्या. तरीही संशोधन थांबले नाही. दुपायी वा तिपायी, दोन्हींवर चालणारी ‘एमजी ३४’ आली. मग पत्र्याच्या वस्तू बनवणाऱ्या ग्रोसफुस कारखान्यातून ‘एमजी ४२’ आली : ठशाने दाबून घडवलेले पत्र्याचे भाग, स्वस्त निर्मिती, मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या. एवढ्या वेगात कानास एकेक गोळी वेगळी ऐकू येत नाही.

नामकरणाचा उलटा प्रकार १९४४ मध्ये घडला. आधी ‘मशीन पिस्तूल’ म्हणवल्या जाणाऱ्या एका शस्त्राचे नाव ‘श्टुर्मगेवेर’, म्हणजे ‘हल्ल्याची रायफल’, असे ठेवले गेले. ते नाव म्हणजे प्रचारच होता. पण जगाने तो शब्द तांत्रिक संज्ञा म्हणून उचलला. एका शब्दातून हिंसा झिजून गेली, दुसऱ्यात ती मुद्दाम भरली गेली.

आपल्या भाषेतला ‘मोर्चा’ही मूळचा लढाईतलाच. शब्द रणांगणावरून घरी परततात, तेव्हा अंगावरचे रक्त पुसून येतात. बोलणाऱ्याचा त्यात दोष नाही. तो हिशेब ठेवण्याचे काम साहित्याच्या शिक्षकाचे आहे. कारण हजारोंचे मरण ज्या आकड्याशी जोडलेले आहे, त्याच आकड्याचा अर्थ ‘नेहमीचेच’ असा व्हावा, याहून युद्धाविषयी अधिक बोलके भाष्य आम्हांस तरी ठाऊक नाही.