हदबंदी : रेषा कोण आखतो?

२०११च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. शाळा सुटली की फॉर्मांची पिशवी घेऊन मोहल्ल्यात फिरायचं. एका चाचींनी विचारलं, "सर, हमकू गिनके क्या होता?" मी मास्तरी थाटात सांगून टाकलं की, यावरूनच आमदार-खासदारांचे मतदारसंघ ठरतात. ते चुकीचं होतं. आम्ही मोजलेल्या त्या आकड्यांवरून महाराष्ट्रात लोकसभेचा किंवा विधानसभेचा एकही मतदारसंघ अजून आखला गेलेला नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ८२ प्रमाणे दर जनगणनेनंतर जागांची फेरवाटणी आणि मतदारसंघांची फेररचना व्हायला हवी. उर्दू वर्तमानपत्रं तिला 'हदबंदी' म्हणतात, मला तोच शब्द जास्त खरा वाटतो. १९५२, १९६३ आणि १९७३ साली आयोग नेमले गेले. मग आणीबाणीत, १९७६ साली, ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१च्या लोकसंख्येवर गोठवल्या. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं नुकसान होऊ नये, हे कारण. ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. मधे फक्त आतल्या रेषा हलल्या : न्या. कुलदीप सिंग आयोगाने २००१च्या आकड्यांवर त्या आखल्या आणि २००८ साली लागू झाल्या. आपल्या ४८ आणि २८८ जागा तेवढ्याच राहिल्या.

रेषा हलल्याने काय होतं, ते मालेगावात बघावं. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला मालेगाव लोकसभा मतदारसंघच पुसला गेला. मालेगाव मध्य आणि मालेगाव बाह्य हे नाशिक जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभेला जोडले गेले आणि धुळे खुलं झालं. २०२४ साली धुळ्याचा निकाल अवघ्या ३,८३१ मतांनी लागला, तोही मालेगाव मध्यच्या प्रचंड मताधिक्यामुळे. रेषा शहराच्या अलीकडून गेली असती, तर खासदार दुसरा असता.

आमच्या समाजाचा जुना सल आरक्षित जागांचा आहे. इथे नीट बोललं पाहिजे. दलितांच्या राखीव जागांना माझा विरोध नाही, त्या त्यांच्या हक्काच्या आहेत. प्रश्न कोणती जागा राखीव, एवढाच. अनुसूचित जमातींच्या जागा त्यांचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या ठिकाणी ठेवतात. अनुसूचित जातींच्या जागा मात्र राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखरून, शक्य तिथे तुलनेने जास्त प्रमाणाच्या क्षेत्रात ठेवायच्या, असं २००२चा कायदा सांगतो. या 'विखरून'मध्ये आयोगाला मोकळीक मिळते. २००६च्या सच्चर अहवालाने उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालचे तक्ते देऊन दाखवलं की मुस्लिमबहुल काही जागा राखीव आहेत आणि दलितांचं प्रमाण त्याहून जास्त असलेल्या काही खुल्या. म्हणजे नुकसान दलितांचंही होतंच. आसामात मुस्लिमबहुल करीमगंज कित्येक निवडणुका राखीव होतं, ते २०२३च्या फेररचनेत खुलं झालं.

आता पुढची जनगणना आणि तिच्यामागून नवा आयोग येईल. मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापला जातो, हरकती मागवतात, जाहीर सुनावण्या होतात. अंतिम आदेशानंतर अनुच्छेद ३२९मुळे कोर्टाची वाट फार अरुंद होते. उघड मनमानी असेल तर दाद मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटलं, तेवढीच फट. तेव्हा ताकद लावायची ती हरकतींच्या दिवसांत, आणि तीही दलित वस्तीतल्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन, हातात वॉर्डनिहाय आकडे घेऊन.