शब्दातील शब्द : खेळ, नियम आणि पडताळा

एका शब्दातील अक्षरे गाळून दुसरा शब्द साधण्याचा खेळ संस्कृत परंपरेत जुना आहे. ‘नगर’मधील ‘ग’ गळाला की ‘नर’ उरतो. सातव्या शतकात बाणाने ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या विनोदांमध्ये अक्षरच्युतक, मात्राच्युतक आणि बिंदुमती यांचा निर्देश केला आहे. पुढे मम्मटाने व्यंग्यरहित चित्रकाव्याला ‘अवर’ ठरविले. तथापि, या खेळाला एक अधिष्ठान होते. कोडे घालणारा आणि सोडविणारा या दोघांनाही नियम आधीच मान्य असे. म्हणून उत्तराची पारख शक्य होई.

जिनीव्हात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या फेर्दिनां द सोस्यूरजवळ नेमके हेच अधिष्ठान नव्हते. १९०६ ते १९०९ या काळात लॅटिन पद्यपंक्तींतील ध्वनी वेचून त्यांत विखुरलेली देवांची व वीरांची नावे तो जुळवीत गेला. वह्या भरल्या, पण असा नियम सांगणारा प्राचीन साक्षीदार त्याला मिळाला नाही. ही योजना की योगायोग, असे त्याने १९०९ मध्ये लॅटिनमध्येही काव्यरचना करणाऱ्या जोव्हान्नी पास्कोलीला विचारले आणि अखेर हे संशोधन अप्रकाशितच ठेवले.

झां स्तारोबिन्स्कीने १९६४ पासून या वह्या प्रकाशात आणल्यावर ज्युलिया क्रिस्तेव्हाने त्यांत कर्त्याच्या हेतूपलीकडील संहिताप्रक्रिया पाहिली. हेतूचा प्रश्न असा बाजूला सारता येतो. पडताळ्याचा मात्र उरतोच. म्हणूनच सोस्यूरचे मौन हे अपयश न मानता समीक्षकीय सचोटीचे उदाहरण मानणे अधिक न्याय्य ठरेल.