यंत्रांची सोंगे

वसई तालुक्यातील गिरीज किंवा शेजारच्या एखाद्या गावात लग्नपत्रिका, स्मरणिका, चर्चचे अंक असे मराठी छपाईचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्याला विचारावे, तर जुन्या फायली पेजमेकरमध्ये आणि टंक श्रीलिपीचा, असे उत्तर बहुधा मिळते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. पुढे संगणक बदलले, विंडोज बदलले. तरी मागच्या मजकुरासाठी कोणी जुना संगणक जपून ठेवतो, तर कोणी नव्या संगणकातच जुन्या विंडोजचा आभासी संगणक उभा करतो. एका यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्याकडून करून घेण्याची ही खटपट जुनी आहे, आणि तिच्यातला एक महत्त्वाचा टप्पा गिरीजपासून लोकलच्या अंतरावर, मुंबईत घडला. आपण तिचा मागोवा घेऊ.

तत्त्व सांगितले ते ॲलन ट्युरिंग यांनी, १९३६ साली. दुसऱ्या कुठल्याही यंत्राचे वर्णन हाती दिले की त्या यंत्रासारखे वागेल, असे एक यंत्र त्यांनी कागदावर रचले. व्यवहारात मात्र ही कल्पना उतरली ती तत्त्वासाठी नव्हे, गिऱ्हाईक टिकवण्यासाठी. आयबीएमचा १४०१ हा संगणक १९५९ साली आला आणि हजारोंनी खपला; मुंबईत एस्सो कंपनीत तो १९६१ साली बसला. डिसेंबर १९६३ मध्ये हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने आपला २०० हा संगणक जाहीर केला आणि सोबत १४०१चे प्रोग्रॅम त्यावर उतरवून देणारी ‘लिबरेटर’ नावाची सोय देऊ केली. यंत्र बदला, पण तुमचे काम वाया जाणार नाही, हे ते आमिष होते. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही नवी मालिका आणली. तिची घडण १४०१पेक्षा अगदी वेगळी; पण यंत्राच्या प्रत्येक आज्ञेमागे ज्या बारीक पायऱ्या असतात, त्यांचा एक जादा संच बसवून या मालिकेतल्या काही संगणकांना १४०१चे सोंग घ्यायला शिकवले होते. येथे दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक, प्रोग्रॅमचे रूपांतर करण्याची; दुसरी, यंत्राने सोंग घेण्याची. पुढचा सारा इतिहास या दोन वाटांनीच जातो.

त्या दोन्ही वाटा १९७४ साली मुंबईत एकत्र आल्या. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही १९६८ साली सुरू झालेली कंपनी फकीरचंद कोहली चालवत होते. परकीय चलनाची चणचण अशी, की परदेशी संगणक आणायचा तर सॉफ्टवेअर निर्यात करून त्याची भरपाई करू, असे सरकारला लिहून द्यावे लागे. अमेरिकेच्या बरोज कंपनीने काम दिले: आपल्या मध्यम संगणकांसाठी कोबोल भाषेत लिहिलेली रुग्णालयाची हिशेबप्रणाली लहान संगणकांच्या कोबोलमध्ये उतरवायची. भाषेचे नाव एकच, तरी दोन्हींच्या बोलीत फरक होता. गंमत अशी, की हे रूपांतर झाले ते मुंबईतल्या आयसीएल १९०३ या तिसऱ्याच, ब्रिटिश बनावटीच्या संगणकावर. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवात सांगताना आपण नव्या शोधांचा शोध घेतो. प्रत्यक्षात ती एका यंत्राचे काम दुसऱ्याला समजावून सांगण्यातून झाली.

टाटा कन्सल्टन्सीने मागवलेला बरोज बी १७२८ हा संगणकही सोंगे घेण्यात तरबेज होता. १९७२ साली आलेल्या या बी १७०० कुळाला स्वतःचा असा ठरावीक आज्ञासंचच नव्हता. कोबोलचा प्रोग्रॅम आला की कोबोलला सोयीचे यंत्र, फोरट्रानचा आला की फोरट्रानला सोयीचे. आतल्या पायऱ्या बदलून तो दर वेळी नवे रूप घेई. वेन विल्नर यांनी मांडलेली ही रचना पुढे मागे पडली, पण यंत्राची घडण प्रोग्रॅमच्या कलाने ठरावी, हा विचार टिकला.

पुढचे वळण पुण्यात. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे, आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’ हे काम १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या तिथल्या संस्थेत आले. वर्डस्टार, डीबेस हे डॉसवरचे प्रोग्रॅम इंग्रजीखेरीज काही न जाणणारे. जिस्टचे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की त्याच प्रोग्रॅममधून पडद्यावर देवनागरी उमटे. प्रोग्रॅमच्या लेखी ती निव्वळ संकेतांकांची रांग. त्या अंकांची जोडाक्षरे, वेलांट्या रचायचे काम कार्ड परस्पर उरकून टाकी. प्रोग्रॅमला हात न लावता भोवतालचे यंत्रच त्याच्या नकळत बदलले होते.

विंडोजच्या काळात मजकूर पुन्हा अडकला, आणि या वेळी टंकात. श्रीलिपीसारख्या टंकात मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. टंक नसेल तर पडद्यावर नुसता चिन्हांचा कालवा. म्हणून टंकासह जुना प्रोग्रॅमही चालता ठेवावा लागे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे ‘वाइन’ १९९३ साली सुरू झाले आणि २००८ साली १.० आवृत्तीला पोहोचले. ते यंत्राची नक्कल करत नाही. प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो, ते परस्पर पुरवते. तरी एक अडचण उरे. अनेक मराठी टंकप्रणालींसोबत एक डोंगल येई, प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचे. ते जागेवर असल्याशिवाय प्रणाली चालू होत नसे, आणि नव्या संगणकांना ते पोर्टच उरले नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. डोंगल म्हणजे पैसे भरल्याची पावतीच होती.

ॲपलने २०२० साली प्रोसेसर बदलले तेव्हा ‘रोझेटा २’ने इंटेलसाठीचे प्रोग्रॅम नव्या यंत्रावर सहज चालवले, बहुतेकांना त्याची जाणीवही झाली नाही. हनीवेलने १९६३ साली दिलेला शब्द तेथे पाळला गेला. पण सोंग किती दिवस टिकवायचे, हे यंत्र बनवणारा ठरवतो. छापणाऱ्याच्या हाती दुसरी वाट आहे. युनिकोडमधील देवनागरी १९८८च्या भारतीय इस्की संकेतांवरच बेतलेली आहे, आणि तिच्यातला मजकूर कुठल्याही एका यंत्राचा बांधील नाही. सोंगाने मुदत मिळते. त्या मुदतीत जुन्या फायली युनिकोडात उतरवून घेतल्या, तर पुढच्या यंत्राला त्यांच्यासाठी सोंग घ्यावे लागणार नाही.