सुवार्तावादी अस्मिता आणि प्रलय-भूविज्ञान

बायबलमधील सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच, ही अमेरिकेतील इव्हँजेलिकल म्हणजे सुवार्तावादी ख्रिस्ती समाजाची परंपरागत भूमिका समजली जाते. इतिहास निराळे सांगतो. १९२५ च्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतिवादाचे कडवे विरोधक विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी हे दिवस दीर्घ कालखंड असू शकतील, असे साक्षीतच मान्य केले होते. खडकांचे थर नोहाच्या जलप्रलयात निर्माण झाले, हा सिद्धान्त त्या काळी प्रामुख्याने जॉर्ज मॅक्रीडी प्राइस यांचा. ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट. आणि त्या पंथाकडे इतर मूलतत्त्ववादी संशयानेच पाहत.

१९४१ मध्ये श्रद्धावान वैज्ञानिकांनी अमेरिकन सायंटिफिक ॲफिलिएशन ही संस्था स्थापन केली. तिच्याच नियतकालिकात कोलंबिया विद्यापीठातील भूरसायनशास्त्रज्ञ लॉरेन्स कल्प यांनी १९५० मध्ये प्रलय-भूविज्ञानाचे साधार खंडन केले. टीकाकार घरचाच होता, ही बाब आपल्याकडील 'धर्म विरुद्ध विज्ञान' या सोयीस्कर मांडणीत हरवते. १९५४ मध्ये ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक बर्नार्ड रॅम यांनी ग्रंथरूपाने हीच दिशा पुढे नेली. त्या ग्रंथाने व्यथित झालेल्या जॉन व्हिटकम यांनी जलअभियंता हेन्री मॉरिस यांच्या सहकार्याने १९६१ मध्ये 'द जेनेसिस फ्लड' प्रसिद्ध केला. प्राइस यांचा उल्लेख त्यात जाणीवपूर्वक अत्यल्प ठेवला होता. कल्पना मात्र मूलतः त्यांचीच. उसनी कल्पना अशा रीतीने अस्मितेची खूण बनली.

१९९४ मध्ये या समाजाच्या बौद्धिक दारिद्र्यावर परखड ग्रंथ लिहिणारे मार्क नॉल हे सुवार्तावाद्यांच्याच व्हीटन महाविद्यालयात इतिहासाचे प्राध्यापक होते.