नोरुम, कोरे

(१९३२–२०१९). नॉर्वेजियन वैद्यक संशोधक. कोलेस्टेरॉलचा चयापचय बिघडल्याने मूत्रपिंड कसे निकामी होते, हे उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९६७ साली त्यांनी एगिल योने यांच्यासह पश्चिम नॉर्वेतील एका तेहतीस वर्षांच्या स्त्रीच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्या डोळ्यांचे पारपटल धुरकट होते, रक्तक्षय होता आणि लघवीतून प्रथिने जात होती. तिच्या दोन बहिणींमध्येही हीच लक्षणे आढळली. एवढ्या विखुरलेल्या लक्षणांमागे एकच कारण शोधणे, हे या कामाचे खरे मोल.

ते कारण म्हणजे एलकॅट या एंझाइमाचा आनुवंशिक अभाव. अमेरिकन संशोधक जॉन ग्लोमसेट यांनी १९६२ मध्ये रक्तद्रवातील या एंझाइमाचे कार्य दाखवून दिले होते. ते लेसिथिनमधील मेदाम्ल काढून मुक्त कोलेस्टेरॉलला जोडते. त्यातून बनलेले कोलेस्टेरॉलचे एस्टर मग रक्तात मेद वाहणाऱ्या एचडीएल कणांच्या गाभ्यात सामावते. एंझाइम नसेल तर मुक्त कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन साचतात, लायपोप्रोटीन-एक्ससारखे विकृत कण तयार होतात आणि मूत्रपिंडातील केशिकागुच्छांत मेद बसतो. बहुतेक रुग्णांना मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका मध्यम वयातच असतो. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण केले तरी बिघाड रक्तातच राहत असल्याने नव्या मूत्रपिंडातही मेद साचू शकतो.

नोरुम पुढे पोषणशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९९९ ते २००१ या काळात ते ऑस्लो विद्यापीठाचे कुलगुरू होते.