शब्दवेध : स्वीट

रावेरच्या लग्नसराईत कापडदुकानावर 'सूट' दिसतो, लॉजच्या पाटीवर 'स्वीट रूम', आणि संगीतकार बाखच्या ध्वनिमुद्रिकेवर 'ऑर्केस्ट्रल स्वीट'. तिघांचं मूळ एकच: लॅटिन 'सेक्वी', म्हणजे मागोमाग जाणं. संस्कृत 'सच्' हा त्याचाच भाऊबंद. त्यातून सोबत राहणारा 'सचिव' आला.

फ्रेंचमध्ये 'सुइत' म्हणजे ओळीनं येणारं. म्हणून ती खोल्यांची रांग झाली, नाचांची मालिकाही. बाखच्या तिसऱ्या स्वीटचं ओव्हर्चर, म्हणजे आरंभीचा भाग, संथ, भारदस्त चालीत सुरू होऊन वेग घेतं, ट्रम्पेट-नगारे दणाणतात. लगेच 'एअर' या पुढच्या भागात फक्त तंतुवाद्यं उरतात. मग गाव्होत, बूरे, जीग हे नाच.

आता संगणकाच्या प्रोग्रॅम-संचालाही 'स्वीट' म्हणतात. कपड्यांना मात्र 'सूट'च म्हणावं. खोल्या आणि संगीत यांचा उच्चार 'स्वीट'.