वेतन नेमके ठरते कशावर?

नाशिक : सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत एकाच पाळीत, एकसारखेच काम करणाऱ्या दोन कामगारांच्या पगारात मोठी तफावत आढळते. खासगी क्षेत्रातील वेतन केवळ कौशल्यावर ठरत नाही. त्यामागील प्रमुख घटक असे :

किमान वेतन : राज्य शासन उद्योगनिहाय किमान दर ठरविते. कुशल, अर्धकुशल व अकुशल अशी कामगारांची वर्गवारी असून परिमंडळानुसारही दर बदलतात. त्यामुळे महापालिका हद्दीतील आणि ग्रामीण तालुक्यातील दर सारखे नसतात.

महागाई : किमान वेतनाला जोडलेला विशेष भत्ता जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा सुधारला जातो. त्यासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आधारभूत मानतात. या निर्देशांकाच्या केंद्रांत नाशिकचाही समावेश आहे.

वेतन करार : मोठ्या कारखान्यांत संघटना मागणीपत्र देते आणि वाटाघाटीतून साधारणतः तीन वर्षांचा करार होतो. वाढीच्या बदल्यात व्यवस्थापन बहुधा उत्पादनवाढीची अट घालते. संघटना नसलेल्या लघुउद्योगांत वाढ मालकाच्या मर्जीवर राहते.

नोकरीचे स्वरूप : कराराचा लाभ प्रामुख्याने कायम कामगारांना मिळतो. कंत्राटी कामगाराचे वेतन अनेकदा किमान दराभोवतीच घुटमळते. मात्र कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते.

उद्योगाची स्थिती : नाशिकचे अनेक लघुउद्योग मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवितात. 2019 मध्ये वाहन उद्योगात मंदी आली, तेव्हा येथील कारखान्यांना काही दिवस उत्पादन बंद ठेवावे लागले. अशा वेळी जादा कामाचा मोबदला आधी बुडतो आणि पहिली कुऱ्हाड कंत्राटी कामगारांवर कोसळते.

नवी संहिता : 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तीनुसार विविध भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरची रक्कम वेतनात धरली जाते. जादा कामाला किमान दुप्पट दर आणि वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे.

वेतनचिठ्ठीवरील वर्गवारी, मूळ वेतन व विशेष भत्ता कामगारांनी दरमहा तपासून पाहावा. कमी मिळालेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करता येतो. त्या वेळी ही चिठ्ठीच महत्त्वाचा पुरावा ठरते.